विदर्भवीराची प्रतिमा आणि वृत्तपत्रांची मालकी

जांबुवंतराव धोटे यांचे १८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळ येथे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी त्यांना आदरपूर्वक निरोप दिला. मृत्युलेखांतून वाचकांपुढे उभी राहिलेली मूर्ती ओळखीचीच होती. दाढीधारी, धिप्पाड ‘विदर्भवीर’. सभा गाजविणारा आणि एका हाकेसरशी बाजारपेठा बंद करविणारा विदर्भाचा सिंह. आणि विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावणारा आमदार. या मूर्तीत खोटे असे काही नव्हते. तथापि, पाच वेळा विधानसभेवर आणि दोन वेळा लोकसभेवर निवडून गेलेल्या आणि आयुष्याचा मोठा भाग प्रस्थापित सत्तेच्या विरोधात घालविलेल्या नेत्याविषयी छापील स्मृतीत एवढेच का उरावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. हा प्रश्न एका व्यक्तीच्या गुणदोषांचा नाही. विरोधी नेत्याची सार्वजनिक प्रतिमा कोण घडवितो, कोणत्या साधनांनी घडवितो आणि त्या व्यवहारात नफा कोणाचा व तोटा कोणाचा होतो, असा तो आहे. लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांनी त्याचा विचार भावनेच्या आहारी न जाता, अर्थव्यवहाराचा करावा तसा केला पाहिजे.

पेपरवेट लक्षात राहिले

धोटे १९६२ साली यवतमाळमधून प्रथम विधानसभेत गेले. १९६४ साली अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. अध्यक्षपदी तेव्हा बाळासाहेब भारदे होते आणि मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक. वसंतराव पुसदचे, म्हणजे धोटे यांच्याच जिल्ह्यातले. एकाच जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्री द्यावा आणि त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावातून त्याचा सर्वांत कडवा विरोधक निवडून यावा, ही घटना राजकीय अभ्यासकांच्या नजरेतून निसटावी इतकी लहान नव्हती. यवतमाळच्या मतदारांनी बडतर्फ आमदाराला पुन्हा विधानसभेत पाठविले, तेव्हा सभागृहाच्या निवाड्यावर त्यांनी आपला स्वतंत्र निवाडा दिला, असेच म्हणावे लागेल.

मतदारांनी हा कौल एका भिरकावलेल्या वस्तूच्या बाजूने दिला होता काय? तसे मानणे हा मतदारांचा अपमान होईल. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासने मिळाली होती आणि १९६० साली महाराष्ट्र राज्यात सामील होताना ती पाळली जातील अशी अपेक्षा होती. कोरडवाहू कापसाचा भाव, सिंचनाचा अभाव, नोकऱ्यांतील वाटा आणि उच्च शिक्षणाच्या सोयी हे त्या कौलामागचे प्रश्न होते. परंतु सभागृहातील त्या दिवसाची आठवण सांगणाऱ्या शंभर जणांपैकी नव्वद जणांना पेपरवेट आठवते, आणि ज्या असंतोषापोटी तो प्रसंग उद्भवला त्याविषयी चार वाक्ये सांगणारा क्वचितच भेटतो. कृती छापली गेली, कारण गळाले.

१९६७ च्या कृषी विद्यापीठाच्या आंदोलनाचेही तेच झाले. कृषी विद्यापीठ राहुरीला की अकोल्याला, या वादात विदर्भ पेटला, गोळीबार झाला, तरुणांचे बळी गेले. धोटे त्या आंदोलनाच्या अग्रभागी होते. पुढे राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली आणि अकोल्याचे १९६९ साली स्थापन झाले. म्हणजे आंदोलन यशस्वी झाले. ते आजही सांगितले जाते ते प्रादेशिक अस्मितेच्या उद्रेकाची कथा म्हणून. वस्तुतः त्या मागणीचा गाभा शेतीशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा होता. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या प्रदेशाचे संशोधन आणि पावसाच्या भरवशावर काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी घेणाऱ्या प्रदेशाचे संशोधन एकच असू शकत नाही, हा तो गाभा. कोणत्या पिकाच्या संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, हा वर्गीय प्रश्नही आहे. तो आंदोलनाच्या बातमीत मावला नाही. दगडफेक, लाठीमार आणि नेत्याची अटक तेवढी मावली.

वृत्तपत्र कोणाचे?

असे का होते, याचे उत्तर पत्रकारांच्या वैयक्तिक प्रामाणिकपणात शोधणे व्यर्थ आहे. विदर्भात सचोटीने काम करणारे पत्रकार पुष्कळ झाले. उत्तर मालकीच्या आणि उत्पन्नाच्या रचनेत शोधावे लागते.

विदर्भातील प्रमुख वृत्तपत्रांचा इतिहास पाहिला तर ती प्रथमपासूनच राजकारणाच्या हाती होती असे दिसते. नागपूरचे ‘हितवाद’ १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रेरणेने निघाले. पुढे त्याची सूत्रे बनवारीलाल पुरोहित यांच्याकडे आली, जे नागपूरचे खासदार काँग्रेसकडूनही झाले आणि भारतीय जनता पक्षाकडूनही. ‘तरुण भारत’ हे संघविचाराचे पत्र. ‘लोकमत’ हे तर यवतमाळचेच अपत्य. स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांनी ते यवतमाळातून साप्ताहिक म्हणून चालविले आणि डिसेंबर १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक केले. दर्डा हे काँग्रेसचे नेते होते, राज्याचे मंत्री होते. त्यांच्या पुढच्या पिढीतील विजय दर्डा राज्यसभेचे सदस्य आणि राजेंद्र दर्डा राज्याचे मंत्री झाले. साप्ताहिकापासून राज्यभर पसरलेल्या वृत्तपत्रसमूहापर्यंतची ही वाटचाल उद्यमशीलतेची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. एखादी बातमी मालकाच्या सांगण्यावरून दाबली गेली असा आरोप करण्याचेही येथे प्रयोजन नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत यवतमाळ जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्री दिला, वृत्तपत्राचा मालक असलेला मंत्री दिला आणि विरोधी नेताही दिला. या तिघांपैकी पहिल्याकडे सरकार होते, दुसऱ्याकडे सरकारातील स्थान आणि छापखाना दोन्ही होते. तिसऱ्याकडे आवाज तेवढा होता.

मालकीपेक्षाही उत्पन्नाचा प्रश्न खोल आहे. वृत्तपत्र हा असा विलक्षण माल आहे की तो उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकला जातो. कागद, शाई, छपाई आणि वाहतूक यांचा खर्च वाचकाच्या पैशातून भागत नाही. उरलेली तूट जाहिरातदार भरून काढतो. अर्थात वाचक हा वृत्तपत्राचा खरा ग्राहक राहात नाही. तो जाहिरातदाराला विकला जाणारा माल बनतो. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली हे ओळखले होते आणि पृष्ठसंख्येची किमतीशी सांगड घालण्याची शिफारस केली होती, जेणेकरून मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात अधिक पाने देऊन लहान पत्रांना बाजारातून हुसकावू नये. १९५६ साली तसा कायदा झाला. ‘सकाळ’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६१ साली अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधी ठरविला. वृत्तपत्रीय कागदाच्या वाटपावरील सरकारी निर्बंधही १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात टिकले नाहीत. सरकारच्या हाती पानांची संख्या ठरविण्याचा अधिकार असू नये, हे न्यायालयाचे म्हणणे रास्तच होते. आणीबाणीतील नियंत्रणानंतर तर ते अधिकच पटते. परंतु भांडवलाच्या हाती तो अधिकार गेल्यावर लहान पत्राचे स्वातंत्र्य कोण राखणार, हा प्रश्न निकालात निघाला नाही. न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगाने १९८२ साली वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगधंद्यांच्या हितसंबंधांपासून अलग करण्याची शिफारस केली. ती अहवालातच राहिली.

आता हा हिशेब यवतमाळसारख्या जिल्ह्याला लावून पाहावा. मोठे कारखाने थोडे. बाजारपेठ कापसाच्या हंगामावर चालणारी. अशा ठिकाणी जाहिरातदार कोण? शासन, म्हणजे निविदा, जाहीर नोटिसा आणि योजनांच्या जाहिराती. सत्ताधाऱ्यांच्या ताब्यातील सहकारी व शिक्षणसंस्था. बियाणे, खते व कीटकनाशके यांचे विक्रेते. आणि नेत्यांच्या वाढदिवशी शुभेच्छा देणारे कार्यकर्ते. यांपैकी एकालाही कापसाच्या अर्थकारणाची सखोल चिकित्सा नको असते. चार पानी स्थानिक साप्ताहिकाचे सरकारी जाहिरातींच्या यादीत नाव आहे की नाही यावर त्याचे जगणे अवलंबून असते. अशा पत्राने विरोधी नेत्याचा निषेध केला नाही तरी पुरे. त्याचे म्हणणे मुद्देसूद छापण्याचे धैर्य त्याने दाखवावे ही अपेक्षा आर्थिक वास्तवाला सोडून आहे.

मग विरोधी नेत्याने काय करावे? त्याच्या निवेदनाला जागा नाही, त्याच्या आकडेवारीला जागा नाही; पण त्याच्या अनपेक्षित कृतीला जागा आहे, कारण ती अंक खपविते. म्हणून त्याला बातमी सांगता येत नाही, बातमी व्हावे लागते. बंद, घेराव, सभात्याग, फेकलेली वस्तू, तुरुंगाच्या दारातील छायाचित्र ही त्याची भाषा बनते. या भाषेचा दोष एवढाच की तिच्यात क्रियापद असते, कर्ता असतो, पण कर्म गळून पडते.

प्रतिमेचे भांडवल कोणाच्या खाती?

येथे या विषयाचा मर्मभाग येतो. नेत्याची प्रतिमा हे एक प्रकारचे भांडवल आहे. ते एकट्या नेत्याच्या कर्तृत्वाने निर्माण होत नाही. गावोगावी सभा भरविणारे कार्यकर्ते, हंगाम सोडून मोर्चाला आलेले शेतकरी, लाठ्या खाल्लेले विद्यार्थी आणि गोळीबारात पडलेले तरुण यांच्या श्रमांतून व त्यागातून ते साठते. उत्पादन सामुदायिक असते. खाते मात्र एकाच नावाचे उघडले जाते, कारण वृत्तपत्राला एकच चेहरा आणि एकच नाव हवे असते. भांडवलशाहीत उत्पादन सामाजिक आणि मालकी खासगी असते, ही समाजवाद्यांची जुनी तक्रार. प्रसिद्धीच्या क्षेत्रात तोच व्यवहार आंदोलनांच्या बाबतीत घडतो, याकडे मात्र आंदोलनांनी क्वचितच लक्ष दिले.

खासगी खात्यातील भांडवल हलविता येते. १९७१ साली देशभर इंदिराजींची लाट असताना धोटे फॉरवर्ड ब्लॉकच्या उमेदवारीवर नागपुरातून लोकसभेत गेले. तो विजय ऐतिहासिक होता. १९७८ साली ते इंदिरा काँग्रेसमध्ये दाखल झाले आणि १९८० साली त्याच नागपुरातून त्या पक्षाचे खासदार झाले. विदर्भ राज्याच्या प्रश्नावरील त्यांची निष्ठा मात्र संपली नव्हती. पुढे ते काँग्रेसबाहेर पडले आणि २००२ साली त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली. तेव्हा त्यांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९७८ साली एक माणूस एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेला, तेव्हा त्याच्यासोबत पंधरा वर्षांच्या विरोधाची सगळी पुंजी गेली. मागे राहिलेल्या कार्यकर्त्यांजवळ ना पत्र उरले, ना प्रश्नांची नोंद, ना त्या प्रश्नांवर ओळखला जाणारा दुसरा चेहरा.

हानी कोणाची झाली? कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. तिच्यातील ग्रेडिंग, चुकाऱ्यांची दिरंगाई, तोट्याचा बोजा आणि सत्ताधाऱ्यांचा हस्तक्षेप यांवर सतत, माहितीपूर्ण आणि विश्वासार्ह विरोधी आवाजाची गरज होती. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाच्या वाट्याचा असल्याचे दाखविले. तो अहवाल म्हणजे विदर्भाच्या विरोधी राजकारणाला आयते मिळालेले शस्त्र होते. त्या आकड्यांवर तालुक्यातालुक्यांत लोकशिक्षण होऊ शकले असते. पण ज्या राजकारणाला सिंहगर्जनेची सवय लागली होती त्याला कोष्टके वाचून दाखविण्याची सवय नव्हती, आणि ज्या वृत्तपत्रांना गर्जना छापण्याची सवय होती त्यांना कोष्टकांत गोडी नव्हती. १९८६ साली याच जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाने सामुदायिक आत्महत्या केली. पुढील दोन दशकांत जे घडणार होते त्याची ती पूर्वसूचना होती. ती ओळखील अशी यंत्रणा सरकारकडे नव्हती आणि विरोधकांकडेही नव्हती.

समाजवाद्यांनी या बाबतीत स्वतःला वगळू नये. १९७६ साली बेड्या घातलेला हात उंचावलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांचे छायाचित्र देशाने पाहिले आणि १९७७ साली मुझफ्फरपूरच्या मतदारांनी तुरुंगात असलेल्या या नेत्याला लोकसभेत पाठविले. त्या छायाचित्रात १९७४ च्या संपातील लाखो रेल्वे कामगारांची नोकरी, तुरुंगवास आणि उपासमार साठवलेली होती. १९९८ साली हेच जॉर्ज भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा ते छायाचित्रही सोबत गेले. रेल्वे कामगारांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

डॅन्यूबकाठचा दाखला

हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. युरोपातील हंगेरी या एक कोटीहूनही कमी लोकसंख्येच्या देशात अलीकडे जे घडले त्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. व्हिक्टर ओर्बान २०१० साली दुसऱ्यांदा सत्तेवर आल्यानंतर तेथील प्रसिद्धिमाध्यमांची मालकी टप्प्याटप्प्याने सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील उद्योगपतींकडे गेली. डाव्या विचाराचे सर्वांत मोठे दैनिक ‘नेपसाबादशाग’ ऑक्टोबर २०१६ मध्ये एकाएकी बंद झाले. २०१८ साली साडेचारशेहून अधिक वृत्तपत्रे, नभोवाणी केंद्रे आणि अन्य माध्यमे त्यांच्या मालकांनी एका प्रतिष्ठानाला चक्क दान केली, आणि सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धाविषयक चौकशीतून मुक्त केला. सेन्सॉरचा एकही शिपाई छापखान्यात गेला नाही. इंदिराजींच्या आणीबाणीला जे दंडुक्याने साधावे लागले ते येथे खरेदीखताने आणि सरकारी जाहिरातींनी साधले. २०२२ च्या निवडणुकीत संयुक्त विरोधी पक्षांचे उमेदवार पेतेर मार्की-झाय यांना सरकारी दूरचित्रवाणीवर मिळाली ती अवघी पाच मिनिटे.

या भिंतीला २०२४ साली खिंडार पडले. एका बालशोषण प्रकरणातील दोषी व्यक्तीला दिलेल्या माफीवरून राष्ट्राध्यक्ष कातालिन नोव्हाक यांना फेब्रुवारीत राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ सत्ताधारी वर्तुळातच वाढलेले, माजी न्यायमंत्री युदित वर्गा यांचे पूर्वाश्रमीचे पती पेतेर माग्यार यांनी ‘पार्टिझान’ या स्वतंत्र वाहिनीला प्रदीर्घ मुलाखत दिली. ती वीस लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. चार महिन्यांत त्यांच्या तिसा पक्षाने युरोपीय संसदेच्या निवडणुकीत सुमारे ३० टक्के मते आणि देशाच्या वाट्याच्या २१ पैकी ७ जागा मिळविल्या. माग्यार गावोगाव फिरले, सरकारी रुग्णालयांची दुरवस्था दाखवीत हिंडले, आणि २०२५ साली बुडापेस्टहून सीमेपलीकडील ओराद्या शहरापर्यंत पायी गेले. पदयात्रेचे मोल भारतीय वाचकाला सांगण्याची गरज नाही. छापखाने आणि वाहिन्या हातच्या गेल्या तरी रस्ता उरतो, हा त्यातील आश्वासक भाग.

दुसरी बाजूही पाहावी लागते. माग्यार समाजवादी नव्हेत; त्यांची भूमिका मध्यममार्गी उजवी आहे. सरकारधार्जिण्या माध्यमांनी त्यांच्या रुग्णालयांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याऐवजी त्यांचे मोडलेले लग्न आणि खासगी वर्तन चघळले. सरकारविरोधी माध्यमांनी त्यांचे धाडस आणि व्यक्तिमत्त्व रंगविले. शत्रू आणि मित्र दोघेही व्यक्तीविषयी बोलत राहिले. त्याआधी चौदा वर्षे संसदेत आणि रस्त्यावर सरकारशी झगडलेल्या जुन्या विरोधी पक्षांचे कष्ट या झोतात दिसेनासे झाले. यवतमाळला जे दिसले तेच बुडापेस्टला दिसते, फक्त साधने बदललेली. सत्ता जेथे माध्यमे गिळते तेथे विरोध एका माणसाच्या आकाराचा होतो, आणि एका माणसाच्या आकाराचा विरोध त्या माणसाच्या इच्छेवर चालतो.

नेता येतो, बातमी येते

यवतमाळ जिल्हा एकविसाव्या शतकात देशाच्या वृत्तपत्रांत आला तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. पांढरकवड्याहून विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी आत्महत्यांची गणना करून ती देशभर पाठवीत राहिले, पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी गावात जाऊन लिहिले, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भात यावे लागले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. आकडे आणि सातत्य यांच्या बळावर सरकारला हलविता येते, हे त्यावेळी सिद्ध झाले. २०१५ साली तिवारी राज्य शासनाच्या शेती स्वावलंबन मिशनचे अध्यक्ष झाले. सरकारात जाऊन काम करण्यात गैर काही नाही. पण गणना एका व्यक्तीच्या नावावर चालली असल्याने, ती व्यक्ती सरकारी पदावर गेल्यावर तितक्याच अधिकाराने बोलणारा दुसरा आवाज कोठे होता, हा प्रश्न उरतोच.

मार्च २०१४ मध्ये, तेव्हा विरोधी पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार असलेले नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे ‘चाय पे चर्चा’साठी आले. देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे आले. कापसाच्या भावाविषयी बोलले गेले. विरोधी नेत्याच्या प्रतिमेला यवतमाळच्या मातीने त्या दिवशी जे दिले त्याची मोजदाद करता येणार नाही. यवतमाळला काय परत मिळाले याची मोजदाद मात्र करता येते, आणि ती करणारे जिल्ह्यात आहेत. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणसे मरू लागली तेव्हा बातमी झाली. फवारणारा मजूर कोणत्या मजुरीवर, कोणत्या साधनांनिशी, कोणाच्या शेतात उभा होता, हे त्यापूर्वीच्या हंगामांतही पाहता आले असते. नेता येतो तेव्हा किंवा मृत्यू येतो तेव्हाच जिल्हा बातमीत येतो. मधल्या तीनशे दिवसांचे अर्थकारण छापलेच जात नाही.

पर्याय कोणता?

यावर असा आक्षेप येईल की प्रतिमेवाचून लोकचळवळ उभीच राहात नाही. शेतकरी कार्यक्रमपत्रिका पाहून नव्हे, माणूस पाहून उठतो. आक्षेपात तथ्य आहे. प्रतिमा टाळता येत नाही. परंतु सर्व प्रतिमा सारख्या नसतात. मृणाल गोरे यांना गोरेगावच्या स्त्रियांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्या नावातच प्रश्न होता. वृत्तपत्राने त्यांचे नाव छापले की नळाचे पाणीही छापले जाई. १९७२ साली महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा त्या हत्यारातही स्वयंपाकघराचा हिशेब होता. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना मतदारांनी अकरा वेळा विधानसभेत पाठविले ते दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्यापासून वेगळा काढता येत नव्हता म्हणून. ‘सिंह’ हे विशेषण नेत्याविषयी सांगते. ‘पाणीवाली’ हे विशेषण लोकांविषयी सांगते. पहिले कोणत्याही पक्षात घेऊन जाता येते. दुसरे घेऊन जायचे तर पाण्याचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून समाजवाद्यांपुढील काम तिहेरी आहे. पहिले, शासकीय जाहिरातींचे वाटप. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या पत्राला वर्षभरात किती रकमेच्या जाहिराती मिळाल्या, याची यादी दरवर्षी आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनावर असले पाहिजे. तो जनतेचा पैसा आहे आणि त्याने काय विकत घेतले जाते हे जनतेला कळले पाहिजे. विधिमंडळात ही मागणी लावून धरण्यास मोठ्या संख्याबळाची गरज नाही.

दुसरे, वाचकांच्या वर्गणीवर चालणारी पत्रे. साने गुरुजींनी १९४८ साली ‘साधना’ सुरू केले तेव्हा त्यामागे भांडवल नव्हते, वाचक होते. तालुक्याच्या गावी चार पानी पाक्षिक काढणे आज पूर्वीपेक्षा स्वस्त आहे. महाग आहे ते चिकाटी. अशा पत्राने नेत्याच्या भाषणाला अर्धा रकाना द्यावा आणि उरलेली पाने बाजार समितीतील आवक व भाव, पीककर्जाचे वाटप, विम्याचे नाकारलेले दावे आणि मजुरीचे दर यांना द्यावीत. मोबाइलवरच्या क्षणिक चित्रांनी ही गरज भागली असे मानणे भाबडेपणाचे आहे. तेथील मालक तर यवतमाळपासून नागपूरपेक्षाही दूर बसला आहे, आणि तेथे कृतीमागचे कारण वृत्तपत्रापेक्षाही लवकर गळते.

तिसरे आणि सर्वांत कठीण, ते संघटनेच्या अंतर्गत शिस्तीचे. प्रत्येक आंदोलनाच्या मागण्या, त्यांमागील आकडे, सरकारची उत्तरे आणि न पाळलेली आश्वासने यांचे दप्तर संघटनेच्या मालकीचे असावे, नेत्याच्या घरचे नव्हे. प्रत्येक प्रश्नावर अधिकाराने बोलू शकणारे किमान तीन-चार कार्यकर्ते असावेत आणि त्यांत स्त्रिया व शेतमजूर असावेत. वर्षातून एकदा नेत्याने त्या दप्तरावरून सभासदांपुढे जाब द्यावा. मग तो उद्या दुसऱ्या पक्षात गेला तरी दप्तर जागेवर राहील, आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन उभा राहणारा कोणीतरी असेल.

जांबुवंतराव धोटे यांच्या धैर्याचे स्मरण यवतमाळने जरूर करावे. ज्या काळात सत्तेपुढे मान तुकविणे हाच व्यवहार मानला जात होता त्या काळात त्यांनी मान ताठ ठेवली, हे थोडे नाही. परंतु त्यांच्या स्मरणाबरोबर अकोल्याच्या विद्यापीठाने कोरडवाहू कापसासाठी काय केले, दांडेकर समितीने दाखविलेल्या अनुशेषाचे काय झाले आणि २०२० साली मुदत संपलेल्या विकास मंडळांबाबत वैदर्भीय आमदारांनी काय केले, हेही विचारले गेले पाहिजे. हे प्रश्न कोणी मालक छापून देणार नाही. ते विचारणाऱ्यांनीच छापले पाहिजेत.